कुणाच्या दमावर?

नांदेडच्या वर्कशॉप कॉर्नरकडे जुन्या गाड्या हाताळणारे मिस्त्री इंजिनाचा निकाल एका शब्दात देतात. "गाडीत दम आहे", नाहीतर "मालक, दम राहिला नाही." अश्वशक्ती किती, दाब किती, पिस्टन कितव्या मापाचा, हा हिशेब नंतरचा.

मोटारींवर मराठीत लिहिणाऱ्यांना मात्र अलीकडे एक अडचण पडते. 'नॅचरली ॲस्पिरेटेड' इंजिनाला मराठीत म्हणायचे काय? 'नैसर्गिक श्वसनाचे इंजिन' लिहिले तर दवाखाना आठवतो. 'नैसर्गिकरीत्या वायुपुरवठा होणारे' लिहिले तर वाक्य संपेपर्यंत वाचकालाच धाप लागते. गोष्ट तशी साधी आहे. पिस्टन खाली सरकला की सिलिंडरात पोकळी होते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवा आत ढकलतो. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. जेवढी हवा आपसूक आत येईल तेवढ्यावरच ताकद काढायची. साठ-सत्तरच्या दशकातली, रोज रस्त्यावर फिरवायची एखादी फियाट घ्यावी आणि तिचे असले इंजिन हवा कोंबणारे कुठलेही यंत्र न लावता अधिक जोमदार करावे, हा काही हौशी लोकांचा छंद आहे. त्या छंदातले निम्मे काम श्वासाचेच असते.

फारसीत 'दम' म्हणजे श्वास, फुंकर. मराठीने तो शब्द घेतला आणि त्याचा असा संसार थाटला की मूळ मालकालाही हेवा वाटावा. दम लागतो, दम खातात, दम धरतात, दम देतात, एका दमात पाणी पितात, बेदम मारतात. 'दमाने घे' यात तो चक्क धीर होतो, 'दमदाटी' यात धाक होतो. दम्याच्या रोग्याला तोच पुरत नाही आणि बिर्याणीच्या हंडीला कणकेने तोंड बंद करून त्यावरच ठेवतात. फारसीतून मराठीत आलेल्या शब्दांचा माधव जूलियनांनी केलेला कोश १९२५ चा. पण गोदावरीच्या काठाला त्याच्यासाठी थांबावे लागले नाही. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू आणि बाजाराची दखनी होती. इथे दम पाहुणा म्हणून आला नाही, घरचाच होता.

संस्कृतातही एक 'दम' आहे: शम-दम यातला, दमन यातला. काबूत आणणे हा त्याचा अर्थ, आणि इंग्रजीतला 'टेम' त्याच्या नात्यातला. आपल्या श्वासाच्या दमाशी त्याचे काही नाते नाही, आवाज तेवढा सारखा. श्वासाच्या दमाचे संस्कृतातले खरे भावंड म्हणजे 'धम्', फुंकणे. धमनी त्याच्यातूनच आली. संस्कृतातला ध इराणी भाषांत द होतो, भ चा ब होतो. म्हणून इकडे भ्राता तर तिकडची बिरादरी. ध, भ, घ ह्या वर्णांना आपले व्याकरणकार महाप्राण म्हणतात, कारण ते उच्चारताना श्वास जोराने बाहेर पडतो. श्वासाचाच शब्द तिकडे गेला आणि त्यातला महाप्राण गळून पडला, ही गंमत भाषेने स्वतःच केलेली आहे. 'दमणे' म्हणजे थकणे, हा यांतल्या कोणत्या दमाचा, यावर पंडितांनी भांडावे. मराठी कान त्याला श्वासाशीच जोडतो आणि धापा टाकणाऱ्या माणसाकडे पाहिले की कानाचेच खरे वाटते.

महाप्राण वर्णांना इंग्रजी भाषाशास्त्र काय म्हणते? 'ॲस्पिरेटेड'. तोच शब्द, जो इंजिनाला लावतात. लॅटिन 'स्पिरारे' म्हणजे श्वास घेणे. त्याच्यापुढे 'कडे' या अर्थाचा उपसर्ग लागून हा शब्द झाला. औषध 'एक्स्पायर' होते तेव्हा ते लॅटिनमध्ये शेवटचा श्वास सोडत असते. दारूच्या भट्टीतून निघणारी वाफ किमयागारांना पदार्थाचा प्राण वाटली, म्हणून ती 'स्पिरिट'. पुढे पेट्रोलही ऊर्ध्वपातनातून निघू लागले तेव्हा त्यालाही तेच नाव मिळाले. आजही तेलाच्या सरकारी आकडेवारीत पेट्रोलचे नाव 'मोटर स्पिरिट' असेच असते. म्हणजे इंजिन ज्या क्रियेने श्वास घेते तिचे नाव आणि ते जे पिते त्याचे नाव एकाच धातूचे. 'नॅचरल' आणि 'इंजिन' या दोन शब्दांच्या मुळाशीही एकच धातू आहे, आपल्या 'जन्'चा सख्खा. 'नेचर' म्हणजे जन्माने आलेले. आणि 'इंजिन' ज्या 'इंजेनियम'वरून आले त्याचा अर्थ उपजत बुद्धी. इंजिन हा मुळात यंत्राचा शब्दच नव्हे, अक्कलहुशारीचा आहे.

या स्पिरिटला लातूरकडे आणखी एक अर्थ आहे. मांजरेच्या खोऱ्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, उसापासून इथेनॉल होते आणि ते इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. जुन्या फियाटवाल्याला त्याचा फायदाही आहे आणि तोटाही. इथेनॉलमुळे इंधनाचा ऑक्टेन वाढतो, म्हणजे सिलिंडरात मिश्रण अधिक दाबले तरी ते अवेळी पेटून ठोके देत नाही. दाब वाढवता आला की तेवढ्याच हवेतून जास्त काम निघते. पण इथेनॉल जुने रबरी पाइप आणि वॉशर खाते, कार्ब्युरेटरच्या मिश्रधातूवरही पांढरी बुरशी चढवते. शिवाय लिटरमागे त्याच्यात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश उष्णता असते, म्हणून जेट मोठे बसवावे लागतात. हा हिशेब न करता नुसते हेड घासून दाब वाढवणारे हौशी पुष्कळ. त्यांची गाडी पहिल्या चढाला ठोके देऊ लागते.

फियाटचे नाव आले, म्हणून तिचेही मूळ पाहू. १८९९ साली तुरिनमध्ये निघालेल्या इटालियन मोटार कारखान्याच्या चार शब्दांची ही आद्याक्षरे. पण लॅटिनमध्ये 'फियाट' हा आयता शब्दही आहे: 'होवो'. त्याचा धातू तोच, जो संस्कृतात 'भू' आणि ज्याच्यापासून मराठीत 'होणे' आले. भवतु, होवो, फियाट. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची 'अकराशे' ही गाडी १९५४ पासून उभी केली. १९६४ मध्ये तिची 'डिलाइट' आली, सत्तरच्या दशकात ती आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाली. चितोडच्या राणीचे नाव मिळूनही लोकांनी तिला फियाटच म्हटले. तिचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५. ताकद चाळीस-बेचाळीस अश्वशक्ती.

एवढ्याशा इंजिनातून आणखी किती निघणार, असे वाटेल. पण फियाटने स्वतःच त्याचे उत्तर १९५३ मध्ये दिले होते. त्या वर्षी निघालेली साधी अकराशे ३६ अश्वशक्तीची होती. त्याच वर्षी तिचीच 'तुरिस्मो वेलोचे' ही जलद बहीण आली, तेवढ्याच १,०८९ घनसेंटिमीटरांत पन्नासच्या आसपास जाणारी. सिलिंडर तेच. वाढवला तो दाब, आणि बसवला तो दोन नरड्यांचा कार्ब्युरेटर. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ज्या फियाट शर्यतीत धावल्या, त्यांच्या मागेही हीच विद्या होती.

नरड्यांचा कार्ब्युरेटर हे मी उगाच म्हटले नाही. इंजिनाच्या हवेच्या वाटेवर इंग्रजीने सगळीकडे गळ्याचेच शब्द पेरले आहेत. 'थ्रॉटल' म्हणजे गळा, आणि गळा आवळणेही. 'चोक' म्हणजे गुदमरवणे. आपल्याकडे मोरीचा पाइप 'चोकअप' होतो तो हाच. थंडीत गाडी सुरू होत नसली की चोक ओढतात, म्हणजे हवेचा गळा दाबून पेट्रोल जास्त पाजतात. कार्ब्युरेटरच्या मधल्या अरुंद भागाला इटालियन भौतिकशास्त्रज्ञ व्हेंच्युरीचे नाव आहे. नळी अरुंद झाली की हवा वेगाने जाते, दाब घटतो आणि पेट्रोल आपोआप वर ओढले जाते. हे नरडे जितके रुंद तितकी वरच्या फेऱ्यांत हवा मोकळी; पण खालच्या फेऱ्यांत हवेला वेग राहत नाही आणि पेट्रोल नीट ओढले जात नाही. इथेच हौशी माणसाचा तोल जातो. शर्यतीच्या गाडीचा कार्ब्युरेटर आणि जास्त वेळ झडपा उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट बसवला की कागदावर अश्वशक्ती चढते. मग ती गाडी घेऊन लातूरच्या गंजगोलाईला भाजी आणायला जा. तिथे सोळा रस्ते एका वर्तुळात येऊन मिळतात, पुढे रिक्षा, मागे हातगाडी, आणि तुमचे इंजिन आचके देत बंद पडते. रस्त्यावरच्या गाडीला किंचित लहान नरडेच बरे, असे माझे मत आहे.

मराठी विश्वकोशाच्या १९७६ च्या पहिल्या खंडात 'अंतर्ज्वलन-एंजिन' अशी नोंद आहे. त्या परिभाषेत पिस्टनचा दट्ट्या झाला, व्हॉल्व्हची झडप झाली, क्रँकशाफ्टचा भुजादंड झाला. भुजादंड गॅरेजात कधी आला नाही, येणारही नव्हता. पण झडप अगदी नेमकी होती. लॅटिन 'व्हाल्वा' म्हणजे दुमडत्या दाराची फळी, म्हणजे झडपच की. ती हृदयरोगतज्ज्ञांकडे रुजली, मिस्त्रीकडे मात्र 'वॉल'च राहिला. वॉल घासतात, वॉल बसवतात. दट्ट्याचे नशीब याहून वाईट. पिस्टन इतका सर्वांच्या तोंडी बसला की बुचासारख्या जागच्या जागी बसणाऱ्या वस्तूचे नाव त्याला शोभेना. आणि पिस्टन तरी कुठे फार परका आहे? इटालियनमधले ते कांडपाचे मुसळ. त्याचा लॅटिन धातू संस्कृत 'पिष्'चा भाऊ, म्हणजे पिष्ट, पीठ आणि थेट पिठले इथपर्यंत त्याचे गणगोत पोचते.

आता बोअर. लातूरमध्ये हा शब्द उच्चारला की कुणी सिलिंडरचा विचार करत नाही. बोअर म्हणजे शेतातला, अंगणातला. मारतात तो, ज्याला पाणी लागते किंवा लागत नाही, आणि जो दर उन्हाळ्यात आणखी खाली जातो. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा जिल्ह्यात बोअर हा शब्द रोज किती वेळा निघाला असेल! मिस्त्रीचा बोअर तोच आहे, भोक पाडणे याच अर्थाचा. फक्त तो मिलिमीटरच्या भागांत मोजतात. झिजलेला सिलिंडर लेथवाल्याकडे नेऊन बोअर करतात आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. ताकद वाढवण्यासाठी बोअर वाढवावा असे पुष्कळांना वाटते. गणित करून पाहावे. ६८ चा ६९ मिलिमीटर केला तर चार सिलिंडरांत मिळून १,०८९ चे १,१२२ घनसेंटिमीटर होतात. तीनच टक्के वाढ, आणि भिंत कायमची पातळ. इथे आणि तिथे, खोल जाऊन मिळणारे फार नसते. तिसरा बोअर व्याख्यानात होतो, त्याचे भोकाशी नाते जुळवायला विद्वान अजून झटत आहेत. बोराच्या झाडाचा या कुणाशीच संबंध नाही. ते 'बदर'वरून आले.

पाण्यावरून आठवले. आमच्या मराठवाड्यात 'मोटार चालू कर' म्हटले की पोरगे गाडीकडे नाही, विहिरीकडे पळते. मोटार म्हणजे पंप, आणि रस्त्यावरची ती गाडी. लॅटिन 'मोटर' म्हणजे हलवणारा. पण विहिरीवर बैल जोडून जी चामड्याची मोट चालायची तिच्या जागी ही मोटार आली, आणि शेतकऱ्याच्या कानाला तो शब्द परका वाटलाच नाही. मोट गेली, मोटार आली. दोघींनी पाणीच उपसले. शब्दांचे नाते नाही, कामाचे आहे. आणि इंजिनातून जळका धूर बाहेर टाकणाऱ्या 'एक्झॉस्ट'चा मूळ अर्थ काय असावा? पाणी उपसून काढणे. दुरुस्तीत सगळे लक्ष हवा आत घेण्याकडे असते, पण उपसा नीट झाला नाही तर आत जागाच होत नाही. जळका वायू मागे राहिला की पुढचा श्वास अर्धा. प्राणायाम शिकवणारे आधी रेचक शिकवतात ते उगाच नाही. पूरक, कुंभक, रेचक: चार धावांच्या इंजिनातले आत घेणे, दाबून धरणे आणि बाहेर टाकणे यांना याहून नेटके शब्द सापडणार नाहीत. एवढ्यावरून प्राचीन भारतात इंजिने होती असे कुणी सिद्ध करायला निघू नये. फुप्फुस आणि सिलिंडर दोघांनाही हवेशी एकाच रीतीने व्यवहार करावा लागतो, इतकेच.

टर्बोवाल्यांची गोष्ट निराळी. लॅटिन 'टुर्बो' म्हणजे फिरता भोवरा, आणि वावटळही. मराठीत भोवरा पोरांच्या दोरीवर फिरतो तसा नदीच्या पाण्यातही. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर हा भोवरा फिरतो आणि ताजी हवा इंजिनात कोंबतो. म्हणजे लोहाराचा भाताच. 'भाता' आला 'भस्त्रा'वरून, आणि भस्त्रिका प्राणायामही तिथूनच. भाता लावला की निखारा फुलतो, यात वाद नाही. लहान इंजिनातून मोठी ताकद आज सगळे त्यानेच काढतात. पण आपल्याकडे एखादा फार उड्या मारू लागला की विचारतात, "कुणाच्या दमावर?" तो प्रश्न टर्बोला विचारता येतो, जुन्या फियाटला नाही.

ज्या हवेच्या जिवावर हे सगळे चालायचे, ती हवा मराठवाड्यात तशी हलकीच. लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच, त्यामुळे हवेचा दाब पाच-सहा टक्क्यांनी कमी. त्यात मे महिन्यातली ४२ अंशांची दुपार घ्या. १५ अंशांच्या हवेपेक्षा ती आठ-नऊ टक्के विरळ. दोन्ही मिळून इंजिनाला सातव्या हिश्श्याइतकी हवा कमी मिळते आणि बेचाळीसची अश्वशक्ती छत्तिसावर येते. म्हणून इथल्या हौशी माणसाने पहिला खर्च पिस्टनवर करू नये. बॉनेटखालची भाजलेली हवा इंजिनात जाऊ नये, बाहेरची गार हवा पाइपाने यावी, एवढे केले तरी फरक जाणवतो. मग हेडमधल्या वाटा घासून गुळगुळीत कराव्यात, झडपा आपल्या बैठकीवर नीट बसवाव्यात, आणि दाब वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

हे काम शिकवणारा नांदेडात उस्ताद असतो. तोच शब्द तालमीत गेला की वस्ताद. मिस्त्री पोर्तुगिजांच्या 'मेस्त्रे'वरून आला. त्याचे मूळ आणि शाळेतल्या मास्तरांचे मूळ एकच, लॅटिन 'मागिस्तेर'. वस्ताद पैलवानाचा जो गुण पाहतो, बुवा गायकाचा जो गुण पाहतात, त्याला मराठीत एक जोडशब्द आहे: दमसास. दम फारसी, सास म्हणजे श्वास. धनदौलतीसारखी एकाच अर्थाची दोन भाषांतली जोडी. थोडा वेळ उसळणारा जोर तो नव्हे, लांब पल्ल्यापर्यंत पुरणारा श्वास तो. टर्बो नसलेले इंजिन तसेच असते, फेऱ्या चढतील तशी त्याची ताकद चढत जाते. मला विचाराल तर 'नॅचरली ॲस्पिरेटेड'ला 'दमसासाचे इंजिन' म्हणावे. आणि इंजिन 'ट्यून' करणे हा शब्द मात्र तसाच ठेवावा. त्याचे ग्रीक मूळ 'तोनोस' म्हणजे ताण, 'तन्' धातूचे, गवयाच्या तानेच्या घरचे.

राहिला 'क्लासिक', असल्या जुन्या गाड्यांना लावतात तो शब्द. रोममध्ये करदात्यांचे वर्ग असत, त्यांतल्या वरच्या वर्गाचा तो 'क्लासिकुस'. आपण त्याला अभिजात म्हणतो, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीलाही तो दर्जा मिळाला. मोटारींसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये नियम केला: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क वीस हजार रुपये, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, आणि रोजच्या वापराला मनाई. फारसीचे पिस्टन, पोर्तुगिजांचे नटबोल्ट आणि इंग्रजीचा कार्ब्युरेटर बसवलेल्या भाषेला असला नियम लावला असता तर अवघड होते. फेरफार हा शब्दही पाहा. आपल्याकडे तो तलाठ्याच्या दप्तरात असतो, सातबाऱ्यावर नाव चढवायला फेरफार लागतो. गाडीच्या फेरफाराला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. कारखान्याने ठरवलेल्या तपशिलापासून गाडी दूर नेता येत नाही, आणि इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणून १९७० ची डिलाइट हाताशी असेल तर आधी ठरवावे लागते: व्हीएची पाटी हवी की दमसास. दमसास हवा असेल तर निदान ब्लॉक जुनाच ठेवावा. आरसी बुकात लिहिलेला इंजिन क्रमांक त्याच्यावरच कोरलेला असतो, आणि नांदेडचे एमएच २६ असो की लातूरचे एमएच २४, तपासणीला आधी तोच पाहतात.